सहीची जादा रेघ

मडगावात, आबाद फारिया रस्त्यावर, बेकरीच्या वरच्या मजल्यावर
माझं ऑफिस. इथल्या करारांना पावाचा वास लागतो.
अशिलं म्हणतात, मॅडम, इथे आलं की भूक लागते.
मी म्हणते, आधी वाचा, मग खा.

प्रजोत आला तेव्हा खांद्यावर पेटी होती,
कुटबणच्या जेटीवरून थेट.
झाकण उघडलं. चोणक, कालचा, डोळे अजून नितळ.
"बर्फ नाही, मॅडम. छत्तीस तास."
हे सांगताना तो माझ्याकडे नाही, माशाकडे पाहत होता,
आणि मला वाटलं, ह्याला पैसे मिळणार.
वीस वर्षांत एवढंच कळलंय मला:
जे माझ्याकडे पाहून बोलतात
ते बहुतेक बुडतात.

बंगळुरूहून मसुदा आला. चौसष्ट पानं.
गुंतवणूकदार भला माणूस, पडद्यावर त्याच्या मागे रोपं,
दर दोन वाक्यांनी, "आपण एकाच होडीत."
होडीत आहोत खरेच. कलम अकरा सांगतं
होडी बुडताना आधी कोण उतरेल.
माझा धंदाच तो.
सगळे नारळ फोडतात
तेव्हा मी मागे बसून लाइफ जॅकेटं मोजते.
भोबेबाब, ज्यांच्या हाताखाली मी खर्डे गिरवले,
म्हणायचे, "चांगला करार कोणी परत उघडत नाही गो.
कपाटात त्याला वाळवी लागली
की समज, काम नीट झालं."

शेवटच्या पानावर मी एक रेघ जादा ओढली.
पत्नीची सही.
पडद्यावर भुवई वर गेली, "हे गरजेचं आहे?"
तुमच्याकडे नसेल, म्हटलं.
इथे लग्नाची नोंद झाली की निम्मं तिचं.
भाट, कपाट, शेअर, कर्ज.
पोर्तुगीज गेले, हा हिशोब राहिला.
"इंटरेस्टिंग," तो म्हणाला
आणि म्यूट झाला.

उर्वी शनिवारी आली, हॉस्पिसियोतली पाळी संपवून.
लॅबमध्ये असते, बारीक अक्षरांची सवय.
प्रजोतने चौसष्ट पानं अकरा मिनिटांत उलटली होती.
तिने चार तास घेतले,
दोन चहा, खालून मागवलेले गरम उंडे.
मग एक्केचाळीसाव्या पानावर बोट ठेवलं.
"ह्यात जानूभावजी कुठे आहेत?"

कोण जानू?

धाकटा दीर. ट्रॉलरवर तांडेल.
इंजिनासाठी साठवलेले तीन लाख
मासळीच्या पिशवीत घालून घेऊन आलेला.
त्या मोसमात ट्रॉलर धक्क्याला बांधून राहिली
आणि पहिली पेटी तयार झाली.
कागद?
"भावाभावांत कसला कागद?"

भागधारकांच्या तक्त्यात पाच नावं होती.
पहिला गुंतवणूकदार त्यात नव्हता.
तक्ता मी तीनदा तपासला होता,
बेरीज बरोबर होती.
बंगळुरूचे वकील लिहितात: तक्ता स्वच्छ ठेवावा.

शंभराच्या स्टँप पेपरवर मी एक पान केलं.
कर्ज, व्याज, तारीख,
रक्कम जमा झाल्यापासून तीस दिवसांत परतफेड.
जानूने रविवारी सही केली, ताठ बसून,
कोणी फोटो काढत असल्यासारखी.
मग म्हणाला, "व्याज खोडा."
खोडलं.
तेव्हा कुठे उर्वीने जादा रेघेवर नाव लिहिलं,
सावकाश, माहेरच्या आडनावासकट.

पुढे काय झालं ते सांगता येत नाही.
कलम एकोणीस, गोपनीयता.
नावं मी बदलली आहेत, रक्कमही.
माझं बिल अर्धं आलं,
उरलेल्याच्या बदल्यात एक पेटी.
तिच्यात वकीलपत्रं ठेवते मी,
जुलैतही कागद कोरडे राहतात.
फक्त सकाळी झाकण उघडलं
की पावाच्या आधी
जेटीचा वास येतो.